बौद्ध हस्तलिखिते : संस्कृत व स्थानिक भाषा

भारतीय उपखंडाचा वायव्य भाग, मध्य आशिया, नेपाळ आणि तिबेट या प्रदेशांत प्राचीन बौद्ध ग्रंथांच्या ज्या पोथ्या उपलब्ध झाल्या आहेत, त्यांची भाषा एक नाही. गांधारी व अन्य प्राकृत भाषा, प्राकृतमिश्रित संस्कृत, व्याकरणशुद्ध संस्कृत, तसेच तोखारी, खोतानी, सोग्दियन, उइगूर, तिबेटी इ. भाषांत हे वाङ्‌मय विखुरलेले आहे. संस्कृत ग्रंथ मूळ व लोकभाषांतील ग्रंथ त्यांचे अनुवाद, असा एक समज पूर्वी रूढ होता. पालि ग्रंथ तेवढे मूळ व संस्कृत ग्रंथ हे त्यांचे उत्तरकालीन रूपांतर, असा दुसरा समजही तितकाच प्रचलित होता. १८९० नंतर उजेडात आलेल्या हस्तलिखितांनी हे दोन्ही समज अपुरे ठरविले. बौद्ध ग्रंथ आरंभापासूनच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात राहिले. या प्रवासात संस्कृत व स्थानिक भाषा यांचे नाते कधी स्पर्धेचे, तर बहुधा परस्परावलंबनाचे होते.

बुद्धवचन व भाषेचा प्रश्न : बुद्धाने कोणत्या भाषेत उपदेश केला हे निश्चितपणे सांगता येत नाही. मगध-कोसल प्रदेशातील एक किंवा अनेक बोली त्याने वापरल्या असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. पालि विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या प्रश्नाशी निगडित असा एक प्रसंग आला आहे. निरनिराळ्या कुळांतून व गोत्रांतून संघात आलेले भिक्षू बुद्धवचन आपापल्या बोलीत सांगून बिघडवितात, अशी तक्रार ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्षुबंधूंनी केली आणि ते ‘छंदस्’मध्ये बसविण्याची अनुज्ञा मागितली. बुद्धाने त्यांना दोष दिला व बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या भाषेत, शिकावे असे सांगितले. येथे ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या, याविषयी मतभेद आहे. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष याने तो शब्द बुद्धाला लावला व बुद्धाची मागधी भाषा असा अर्थ केला. अनेक आधुनिक विद्वानांनी तो शिकणाऱ्या भिक्षूला लावला. पहिला अर्थ घेतल्यास एका भाषेला पावित्र्य प्राप्त होते, दुसरा घेतल्यास कोणत्याच भाषेला ते राहत नाही. पुढील दीड हजार वर्षांत निरनिराळ्या बौद्ध संप्रदायांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती त्यांच्या पोथ्यांतून वाचता येतात.

लेखनसाहित्य व शोध : ताडपत्रे, भूर्जपत्रे, लाकडी पट्ट्या आणि कागद हे या पोथ्यांचे प्रमुख लेखनसाहित्य. भारताच्या सखल व दमट प्रदेशांत ताडपत्रे व भूर्जपत्रे फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे जेथे बौद्ध धर्म उदयास आला, तेथील प्राचीन पोथ्या जवळजवळ नष्ट झाल्या. तारीम खोऱ्यातील वाळवंटी प्रदेशाची कोरडी हवा, गांधारातील स्तूप व त्यांत पुरलेली मातीची भांडी, हिमालयातील थंड मठ यांनी मात्र त्या राखल्या. पालि त्रिपिटक श्रीलंकेत इ. स. पू. पहिल्या शतकात लेखनिविष्ट झाले, अशी परंपरा आहे. तथापि त्याच्या उपलब्ध पोथ्यांपैकी बहुसंख्य पोथ्या गेल्या काही शतकांतील आहेत. नेपाळमध्ये सापडलेली विनयपिटकाची चार ताडपत्रे सु. आठव्या-नवव्या शतकातील असून, पालि पोथ्यांच्या अतिप्राचीन अवशेषांत त्यांची गणना होते.

नेपाळमधील संस्कृत बौद्ध पोथ्यांची ओळख यूरोपीय विद्वानांना प्रथम झाली. काठमांडू येथील ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक पोथ्या मिळवून त्या कलकत्ता, लंडन व पॅरिस येथे पाठविल्या. त्यांच्या आधारे यूजेन ब्यूर्नूफ याने १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९० मध्ये कूचा येथे हॅमिल्टन बॉवर या लष्करी अधिकाऱ्याला भूर्जपत्रांवरील एक संस्कृत पोथी मिळाली. तिचा बराच भाग वैद्यकावर असून महामायूरी या बौद्ध रक्षामंत्राचा अंशही तीत आहे. रूडॉल्फ हर्न्ले याने ती संपादित केल्यानंतर मध्य आशियाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. ऑरेल स्टाइन, पॉल पेल्यो, १९०२ ते १९१४ या काळातील चार जर्मन मोहिमा, तसेच रशियन व जपानी संशोधक यांनी तुर्फान, कूचा, खोतान, निया, डुनह्‌वांग इ. ठिकाणांहून हजारो पत्रे व तुकडे मिळविले. १९३१ मध्ये गिलगिटजवळील नौपूर येथे भूर्जपत्रांच्या पोथ्यांचा मोठा संग्रह सापडला. १९९० नंतर अफगाणिस्तान व पाकिस्तान येथून आणखी प्राचीन अवशेष बाहेर आले. यांपैकी बरेच अवशेष प्राचीन वस्तूंच्या बाजारपेठेतून आल्याने ते नेमके कोठे व कोणत्या स्थितीत सापडले, ही माहिती कायमची नष्ट झाली आहे.

गांधारी : पेशावर खोरे, स्वात व आसपासचा प्रदेश यांतील प्राकृत भाषा ही खरोष्ठी लिपीत लिहिली जाई. तिला ‘गांधारी’ हे नाव हॅरॉल्ड बेली यांनी १९४६ मध्ये दिले. १८९२ मध्ये द्यूत्रय द रँस या फ्रेंच प्रवाशाच्या मोहिमेला खोतान भागात भूर्जपत्रावरील धर्मपदाच्या पोथीचा काही भाग मिळाला. त्याच पोथीचा दुसरा भाग काश्गर येथील रशियन वकील पेट्रोव्हस्की यांच्यामार्फत सेंट पीटर्झबर्गला गेला. जॉन ब्रफ यांनी या पोथीचे साक्षेपी संपादन १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. सु. शंभर वर्षे गांधारी ग्रंथवाङ्‌मयाचा हा एकमेव ज्ञात नमुना होता. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला भूर्जपत्राच्या गुंडाळ्यांचे २९ अवशेष मिळाले, तेव्हा हे चित्र पालटले. या गुंडाळ्या सु. इ. स. पहिल्या शतकातील असून त्यांच्यासोबत आलेल्या एका मातीच्या भांड्यावर धर्मगुप्तक संप्रदायाचा उल्लेख आहे. रिचर्ड सॅलोमन यांनी १९९९ मध्ये त्यांचा सविस्तर परिचय करून दिला. पुढे बाजौर व अन्य संग्रहांतून सूत्रे, अवदाने, भाष्ये आणि प्रज्ञापारमितेसारख्या महायान ग्रंथाचे गांधारी अवशेषही उपलब्ध झाले. महायान वाङ्‌मय आरंभापासून संस्कृतातच रचले गेले, या गृहीताला त्यामुळे बाध आला.

गांधारीचे स्थानिकपण मात्र सापेक्ष होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पेशावरात ती लोकांची बोली होती. लोप नोरच्या परिसरातील क्रोराइना किंवा शान-शान राज्यात ती राज्यकारभाराची परकी भाषा होती. निया येथून ऑरेल स्टाइन याने १९०१ पासून मिळविलेल्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतील सातशेहून अधिक खरोष्ठी लेखांत राजाज्ञा, जमिनीचे व्यवहार, कज्जे व पत्रे आहेत. ते बहुतांशी लाकडी पट्ट्यांवर लिहिलेले आहेत. त्यांची भाषा गांधारीचीच एक शाखा आहे. पण तीत तेथील रहिवाशांच्या अभारतीय बोलीतील नावे व शब्द जागोजाग आढळतात. म्हणजे संस्कृतने मध्य आशियात नंतर जे स्थान मिळविले, ते काही काळ एका प्राकृत भाषेने भूषविले होते.

धर्मपदाची चार रूपे : एकाच ग्रंथाने किती भाषिक वेष धारण केले, याचे उत्तम उदाहरण म्हणजे धर्मपद. पालि धम्मपदात २६ वर्ग व ४२३ गाथा आहेत. खोतानच्या गांधारी धर्मपदात वर्गांची संख्या २६ च असली, तरी त्यांचा क्रम व गाथांची मांडणी वेगळी आहे. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून आणलेल्या छायाचित्रांवरून ज्ञात झालेले, ‘पाटणा धर्मपद’ म्हणून ओळखले जाणारे तिसरे रूप २२ वर्गांचे असून, त्याची भाषा पालि व संस्कृत यांच्या मध्ये कोठेतरी बसते. चौथे रूप म्हणजे सर्वास्तिवाद्यांचा उदानवर्ग हा ३३ वर्गांचा संस्कृत संग्रह. परंपरेने तो धर्मत्राताच्या नावावर आहे.

या ग्रंथांतील शब्द शेजारी शेजारी ठेवले असता भाषेची वाटचाल स्पष्ट होते. संस्कृतातील ‘अप्रमाद’ हा शब्द पालित ‘अप्पमाद’ होतो, तर गांधारीत ‘अप्रमद’ असा लिहिला जातो. कारण गांधारीने ‘प्र’ हे जोडाक्षर टिकविले. पण तिच्या खरोष्ठी लेखनात स्वरांची दीर्घता सहसा दाखविली जात नाही. ‘अमृत’ या शब्दाचे पालित ‘अमत’ व गांधारीत ‘अमुद’ झाले. श, ष, स हे तिन्ही ऊष्म वर्ण गांधारीने राखले; पालिने त्यांतील फक्त ‘स’ ठेवला. यावरून गांधारी पाठ पालितून आला नाही आणि पालि पाठ गांधारीतूनही आला नाही, हे उघड होते. दोहोंच्या मागे मध्य भारतीय आर्य भाषेतील आणखी जुना, आता लुप्त झालेला पाठ असला पाहिजे. त्या पाठाचेही एकच निश्चित रूप होते, असे समजण्यास आधार नाही.

उदानवर्गाच्या पोथ्या दुसऱ्या दृष्टीने उद्बोधक आहेत. कूचाजवळील सुबाशी येथे मिळालेली, लाकडी पट्ट्यांवर लिहिलेली पोथी व तुर्फान भागातील नंतरचे कागदी तुकडे यांची तुलना करता, जुन्या पाठात प्राकृत वळणाची रूपे अधिक आढळतात व पुढील पाठात त्यांच्या जागी पाणिनीय रूपे येत जातात. वृत्तात प्राकृत शब्द बसत असे, पण त्याचे संस्कृत रूप बसत नसे. तेव्हा लेखक शब्द बदलीत किंवा ‘हि’, ‘तु’ यांसारखी पादपूरके घालून मात्रा जुळवून घेत. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या दुरुस्त्यांतूनच संस्कृत पाठ घडला.

संस्कृतचा स्वीकार : इ. स. च्या पहिल्या तीन-चार शतकांत उत्तर भारतातील अनेक बौद्ध संप्रदाय क्रमाक्रमाने संस्कृतकडे वळले. सर्वास्तिवादी व मूलसर्वास्तिवादी यांनी आपले आगम बव्हंशी शुद्ध संस्कृतात आणले. या बदलाची कारणे अनेक होती. प्राकृत बोली परस्परांपासून दूर जात असताना दूरदूरच्या विहारांना समजेल अशी, व्याकरणाने स्थिर केलेली भाषा हवी होती. अन्य दर्शनांच्या पंडितांशी वादविवाद संस्कृतातच करावे लागत. राजदरबार व कोरीव लेख यांतही संस्कृतचा प्रवेश होत होता. महाक्षत्रप रुद्रदामन याचा सु. इ. स. १५० चा जुनागढ येथील लेख त्याचा साक्षी आहे.

या संक्रमणकाळाचे एक वैशिष्ट्यपूर्ण हस्तलिखित कूचाजवळील किझिल येथे मिळाले. ते कुशाणकालीन ब्राह्मीत ताडपत्रांवर लिहिलेले आहे. मध्य आशियात ताडवृक्ष नसल्याने ती पत्रे भारतातून गेली, हे उघड आहे. हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये त्यांचे तुकडे प्रसिद्ध केले. त्यांत अश्वघोषाच्या शारिपुत्रप्रकरण या नाटकाचा भाग असून, अन्य नाटकांचेही अवशेष आहेत. या नाटकांत बुद्ध व त्याचे प्रमुख शिष्य संस्कृत बोलतात. विदूषक व गणिका प्राकृतात बोलतात. एका नाटकातील ‘दुष्ट’ या पात्राच्या तोंडी प्राचीन मागधी आहे. ज्या भाषेला एक परंपरा बुद्धाची भाषा मानते, ती येथे खलपात्राच्या वाट्याला आली. यात बुद्धवचनाचा अनादर नाही. नाट्यसंकेताचे ते पालन आहे. भाषेच्या प्रतिष्ठेची उतरंड बौद्ध लेखकांनीही किती सहजपणे स्वीकारली होती, हे मात्र यावरून दिसते.

मिश्र संस्कृत : सर्व संप्रदायांनी शुद्ध संस्कृत स्वीकारले नाही. महासांघिकांच्या लोकोत्तरवादी शाखेचा महावस्तु हा ग्रंथ, त्याच शाखेचे विनयग्रंथ, तसेच ललितविस्तर, सद्धर्मपुंडरीक इ. महायान सूत्रांतील गाथा यांची भाषा प्राकृत पायावर संस्कृतचे लेपन केल्यासारखी आहे. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९५३ मध्ये या भाषेचे व्याकरण व कोश प्रसिद्ध करून तिला स्वतंत्र भाषेचा दर्जा दिला. एकोणिसाव्या शतकातील संपादक अशा रूपांना लेखकाच्या चुका समजून ती ‘सुधारीत’. एजर्टन यांच्यानंतर ही पद्धत मागे पडली. तथापि महावस्तूसारख्या गद्यपद्य ग्रंथाची भाषा व प्रज्ञापारमितेच्या गद्याची भाषा यांना एकाच नावाखाली आणणे कितपत योग्य, याविषयी विद्वानांत दुमत आहे.

सद्धर्मपुंडरीकाच्या नेपाळी पोथ्यांत संस्कृत बरेच नियमबद्ध आहे. खोतान भागातून काश्गरमार्गे सेंट पीटर्झबर्गला गेलेल्या पोथीत मात्र प्राकृत रूपे अधिक आहेत. याच पोथीच्या पुष्पिका खोतानीत आहेत. ग्रंथ संस्कृतात, पण दान देणाऱ्या कुटुंबाच्या पुण्याची नोंद घरच्या भाषेत, ही विभागणी अर्थपूर्ण आहे.

भाषा बदलताना अर्थही बदलल्याची उदाहरणे आढळतात. पालितील ‘सम्मप्पधान’ या पारिभाषिक शब्दाचा अर्थ ‘सम्यक् प्रयत्न’ असा आहे. संस्कृत ग्रंथांत त्याचे रूप बहुधा ‘सम्यक्प्रहाण’ असे येते. ‘प्रहाण’ म्हणजे त्याग. या साधनेत अकुशल धर्म टाकण्याचा समावेश असल्याने हा अर्थही लागू पडला आणि रूढ झाला. चिनी अनुवादांत प्रयत्न व त्याग असे दोन्ही अर्थ उतरले आहेत. याउलट, स्थानिक भाषेची खूण संस्कृत ग्रंथात तशीच राहून गेल्याचे उदाहरण म्हणजे ‘अ र प च न’ ही वर्णमाला. प्रज्ञापारमिता व गंडव्यूह या ग्रंथांत ती ध्यानाचे साधन म्हणून येते आणि मंजुश्रीच्या मंत्रातही तिचा अंतर्भाव आहे. हा क्रम संस्कृत वर्णमालेचा नाही. तो खरोष्ठीत गांधारी शिकणाऱ्यांचा वर्णक्रम होता, हे सॅलोमन यांनी १९९० मध्ये पुराव्यानिशी दाखविले.

मध्य आशियातील द्विभाषिक पोथ्या : चिनी यात्रेकरू फाहियान इ. स. ३९९ मध्ये भारताकडे निघाला. शान-शानपासून पश्चिमेकडील राज्यांत लोकांच्या बोली वेगवेगळ्या असल्या, तरी भिक्षू भारतीय ग्रंथ व भारतीय भाषा यांचाच अभ्यास करतात, असे त्याने नमूद केले आहे. कूचा व तुर्फान येथील पोथ्या या विधानाला दुजोरा देतात आणि हा अभ्यास कसा चाले तेही दाखवितात. कातंत्र व्याकरणाचे अनेक तुकडे येथे मिळाले आहेत. पाणिनीच्या मानाने सोपे असलेले हे व्याकरण परभाषिक विद्यार्थ्यांना सोयीचे होते. संस्कृत पोथ्यांच्या ओळींच्या मधोमध बारीक अक्षरांत तोखारी प्रतिशब्द लिहिलेले आढळतात. उदानवर्गासारख्या ग्रंथाच्या काही पोथ्यांत प्रत्येक संस्कृत शब्दापुढे लगेच तोखारी अर्थ दिला आहे. १९०८ मध्ये एमिल झीग व व्हिल्हेल्म झीगलिंग या जर्मन विद्वानांनी तोखारी ही इंडो-यूरोपीय कुळातील एक स्वतंत्र शाखा असल्याचे सिद्ध केले. त्यांना या द्विभाषिक पत्रांचा मोठा उपयोग झाला. त्या काळी विद्यार्थी तोखारीच्या आधारे संस्कृत शिकत. विसाव्या शतकातील विद्वान संस्कृतच्या आधारे तोखारी शिकले.

तोखारी, खोतानी या भाषांसाठी ब्राह्मी लिपीच स्वीकारण्यात आली, तरी तिला नव्या ध्वनींसाठी मुरड घालावी लागली. तोखारीसाठी काही नवी अक्षरचिन्हे तयार झाली. खोतानीत मराठीतील ‘झाड’ या शब्दाच्या आद्य वर्णाला जवळचा असा एक घोष ऊष्म ध्वनी होता. तो ‘य्स’ या जोडाक्षराने लिहीत. हीच युक्ती पश्चिम भारतातील क्षत्रपांच्या नाण्यांवर चष्टनाच्या पित्याचे ‘य्सामोतिक’ हे नाव लिहिताना योजलेली दिसते.

खोतानमध्ये संस्कृत व स्थानिक भाषा यांतील ताण प्रकटपणे व्यक्त झाला आहे. झांबस्ता नावाच्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून रचला गेलेला जुन्या खोतानीतील एक दीर्घ काव्यग्रंथ रॉनल्ड एमेरिक यांनी १९६८ मध्ये संपादित केला. त्यातील एका प्रकरणाच्या आरंभी कवीने आपल्या देशबांधवांबद्दल खंत व्यक्त केली आहे. त्याचा आशय असा की, खोतानी लोकांना खोतानी भाषेतील धर्म धर्मच वाटत नाही. भारतीय भाषेतील धर्म त्यांना नीट कळत नाही, तरी तोच हवा असतो. चिनी लोकांना मात्र धर्म चिनी भाषेत मिळतो. अर्थ न कळता ऐकलेल्या धर्माचा उपयोग काय, हा कवीचा प्रश्न आहे. चुल्लवग्गातील दोन भिक्षूंनी जी भीती व्यक्त केली होती, तिची ही दुसरी बाजू होय. लोकभाषेने वचन बिघडेल अशी त्यांची भीती होती. परभाषेने ते निरर्थक होईल, अशी या कवीची.

दोन्ही भाषांचे व्यवहारातील सहजीवन डुनह्‌वांग येथील एका खोतानी-संस्कृत संभाषण-पुस्तिकेत दिसते. १९०० मध्ये उघडकीस आलेल्या ग्रंथगुहेतून पेल्यो याने ती १९०८ मध्ये मिळविली व पुढे पॅरिसला नेली. कोठून आलात, कोठे निघालात, कशासाठी, अशी प्रवाशांची प्रश्नोत्तरे तीत दोन्ही भाषांत आहेत. चीन देशी जाऊन मंजुश्रीचे दर्शन घ्यावयाचे आहे, असे उत्तरही आहे. तिच्यातील संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने ढिले आहे. परंतु ते बोलण्यासाठी, वाटेवर उपयोगी पडण्यासाठी लिहिले आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास संस्कृत ही मध्य आशियात निरनिराळ्या देशांच्या भिक्षूंची दळणवळणाची भाषाही होती, याचा हा दुर्मिळ पुरावा आहे.

अनुवादाची साखळी नेहमी संस्कृतपाशीच येऊन थांबत नाही. मैत्रिसिमित या उइगूर ग्रंथाच्या पुष्पिकांत तो आर्यचंद्राने भारतीय भाषेतून तोखारीत व प्रज्ञारक्षिताने तोखारीतून तुर्कीत आणल्याचे म्हटले आहे. सोग्दियन बौद्ध ग्रंथांपैकी बरेच चिनीवरून केलेले आहेत. म्हणजे काही काळाने या भाषांनी आपसांतच देवाणघेवाण सुरू केली आणि तीत संस्कृतचा दुवा मागे राहिला.

गिलगिट, तिबेट व नेपाळ : गिलगिटच्या पोथ्या सु. सहाव्या ते आठव्या शतकांतील असून त्यांत मूलसर्वास्तिवादी विनयाचा मोठा भाग संस्कृतात आहे. नलिनाक्ष दत्त यांनी १९३९ पासून त्यांचे खंड संपादित केले. या पोथ्यांच्या पुष्पिकांत स्थानिक पटोल शाही राजे, राण्या व अन्य दाते यांची नावे येतात. त्यांपैकी अनेक नावे संस्कृत वळणाची नाहीत. ग्रंथाच्या भाषेवरून तेथील समाजाची भाषा ठरविणे किती धोक्याचे आहे, हे त्यांवरून कळते.

तिबेटमध्ये नवव्या शतकाच्या आरंभी राजाज्ञेने संस्कृत-तिबेटी परिभाषा निश्चित करण्यात आली. महाव्युत्पत्ति हा कोश त्याच प्रयत्नाचे फळ. त्यानंतर तिबेटी अनुवाद इतके काटेकोर झाले की, लुप्त संस्कृत ग्रंथांचा आशय त्यांवरून बऱ्याच अंशी कळू शकतो. खुद्द संस्कृत पोथ्याही तिबेटी मठांत सांभाळून ठेवल्या गेल्या. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात तिबेटच्या चार यात्रा केल्या व तेथील अनेक पोथ्यांच्या प्रती व छायाचित्रे पाटण्यास आणली.

नेपाळमध्ये संस्कृत बौद्ध ग्रंथांचे लेखन कधी खंडित झाले नाही. केंब्रिज येथील अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची सचित्र ताडपत्र-पोथी १०१५ सालची आहे. पुढील काळात नेवारी भाषेतील टीका व अनुवाद संस्कृत पाठासोबत लिहिले जाऊ लागले. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळ दरबाराच्या ग्रंथालयात चर्यापदांची पोथी मिळाली व १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. सिद्धांची ही पदे पूर्व भारतातील नव्याने आकार घेणाऱ्या लोकभाषेत आहेत. मुनिदत्ताने त्यांवर लिहिलेली टीका मात्र संस्कृतात आहे. एरवी मूळ संस्कृत व स्पष्टीकरण लोकभाषेत असे. येथे मूळ लोकभाषेत व स्पष्टीकरण संस्कृतात आहे.

महाराष्ट्रातील समांतर पुरावा : दख्खनच्या हवामानात प्राचीन पोथ्या टिकल्या नाहीत, परंतु लेण्यांतील कोरीव लेखांत भाषेचे हेच संक्रमण दिसते. कार्ले, कान्हेरी, नाशिक येथील प्रारंभीचे दानलेख प्राकृतात आहेत. नाशिक येथील क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एका लेखात संस्कृत व प्राकृत यांची सरमिसळ आहे. पोथ्यांतील मिश्र संस्कृताशी तिचे साम्य सहज लक्षात येते. पाचव्या शतकात अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा व सव्विसाव्या लेण्यातील भिक्षू बुद्धभद्राचा लेख हे दोन्ही संस्कृत पद्यात आहेत. [⟶ अजिंठा].

या वाङ्‌मयाच्या अभ्यासात महाराष्ट्रातील विद्वानांचाही वाटा आहे. पु. वि. बापट यांनी १९३७ मध्ये विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. विमुत्तिमग्ग संपूर्ण स्वरूपात चिनी अनुवादातच उपलब्ध असल्याने त्यासाठी पालि व चिनी या दोन्ही भाषांची जोड त्यांना द्यावी लागली. वा. वि. गोखले यांनी राहुलजींच्या छायाचित्रांवरून वसुबंधूच्या अभिधर्मकोशकारिकांचा संस्कृत पाठ १९४६ मध्ये प्रकाशित केला. प. ल. वैद्य यांनी दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठाच्या मालेत ललितविस्तर (१९५८) व अन्य बौद्ध संस्कृत ग्रंथ संपादून ते देवनागरीत सुलभ केले.

मूल्यमापन : हस्तलिखितांच्या अभ्यासाने ‘मूळ त्रिपिटक कोणत्या भाषेत होते’ या प्रश्नाचे स्वरूपच बदलले आहे. उपलब्ध पाठांपैकी कोणताही पाठ इतरांचा उगम ठरत नाही. प्रत्येकाच्या मागे आधीच्या एखाद्या बोलीतून झालेले रूपांतर जाणवते. संस्कृतने या वाङ्‌मयाला विस्तार, स्थैर्य व दूरदेशी प्रवेश दिला. स्थानिक भाषांनी त्याला अर्थ व श्रोते दिले. ज्या प्रदेशांत केवळ संस्कृत पोथ्या पठणात राहिल्या आणि त्या समजावून सांगणारी भाषा नाहीशी झाली, तेथे ग्रंथ टिकूनही परंपरा लोपली. तोखारी व खोतानी या भाषाच पुढे नष्ट झाल्या. चिनी, तिबेटी व नेवारी यांत मात्र हे वाङ्‌मय जिवंत राहिले. १९९६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ व ब्रिटिश लायब्ररी यांच्या सहकार्याने आणि २०१२ मध्ये म्यूनिक येथे सुरू झालेल्या गांधारी संशोधनप्रकल्पांमुळे नवे पाठ वाचले जात आहेत. त्यांतून एका मूळ ग्रंथाच्या शोधाऐवजी, एकच वचन निरनिराळ्या लोकांनी आपापल्या भाषेत कसे आपलेसे केले, याचा इतिहास उलगडत आहे.